धुरीकाकांची वेगळी ताटली

आमच्या इमारतीत कुणाच्याही घरी आनंदाची बातमी आली, की धुरीकाका अभिनंदन करत नाहीत. ते विचारतात, "किती माणसां?"

मुलगी बारावी पास झाली? "किती माणसां?" नातू झाला? "किती माणसां?" तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांनी नवी स्कूटर घेतली आणि काकांच्या समोर पेढ्यांचा पुडा उघडला, तर काकांनी पुडा बाजूला सारला आणि म्हणाले, "तां रवांदे. पार्टीक किती माणसां?" कदमांच्या डोक्यात पार्टी नव्हतीच. पण त्या रविवारी ती झाली. एकदा मी त्यांना कुणाच्या तरी मयताची बातमी सांगायला गेलो, तेव्हाही सवयीने त्यांच्या तोंडून "किती..." एवढं निघालंच. पुढचं त्यांनी खोकल्यात घालवलं.

रमाकांत धुरी, वय बहात्तर, मूळ गाव मालवणाजवळचं. चाळीस वर्षं गोदीत फिटर. काळाचौकीतली आमची ही इमारत नवी, आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या चाळींतून उचलून इथे एकत्र ठेवलेले. आम्ही दादरहून आलो, काका चिंचपोकळीच्या चाळीतून. त्याला सहा वर्षं झाली. काका आले तेच एकटे. भिंतीवर काकींचा फोटो, त्याखाली घडीची खुर्ची, आणि स्वयंपाकघरात जी भांडी आहेत तेवढ्यात एक छोटं हॉटेल चालेल.

काका पार्टीसाठी एकच पदार्थ करतात. कोळंबीचं पॅटिस. बेकरीत मिळणारी खारी असते ना, तिचं न भाजलेलं पीठ आणायचं, त्याचे चौकोन कापायचे, आत कोळंबीचं सुकं भरायचं, कडा दाबायच्या आणि भट्टीत घालायचं. झालं. काका स्वतःच सांगतात, "सोप्पां आसा."

हे 'सोप्पां आसा' फार फसवं आहे. एकदा इमारतीच्या बायकांनी ग्रुपवर त्यांच्याकडे कृती मागितली. काकांनी एकोणीस मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. सुरुवात अर्थातच "सोप्पां आसा" अशी. त्यानंतरची सात मिनिटं भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला पहाटे कुठल्या बाजूला उभं राहायचं यावर होती. मग कोळंबी. "मोठी कोळंबी दाखवूक बरी, खावक मधली." मग तिचा काळा दोरा काढणं, मग कांदा किती बारीक, मग सुकं किती सुकं. "पाणी रवलां तर खारी खालून रडता." बाराव्या मिनिटाला आमची सौ. वैशाली म्हणाली, "मी आपली बटाटेवडे करीन," आणि फोन खाली ठेवला.

पण माणूस कामाला बसला की बघत राहावं. फिटरचा हात तो. खारीचे चौकोन ते अंदाजाने कापत नाहीत, गोदीतली स्टीलची पट्टी लावून कापतात. अडीच इंच बाय अडीच इंच. मी एकदा म्हटलं, "काका, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाव सूत हुकलां तर सांधो सुटतलो, सदा." त्यांचा एकही सांधा सुटलेला मी पाहिला नाही. वरून अंडं लावायला दाढीचा ब्रश, अर्थात नवा कोरा. आणि भट्टीतून जे बाहेर येतं, त्याला खरोखर तोड नाही. दाताखाली आधी नुसता आवाज येतो, पापुद्रे शर्टावर सांडतात, आणि मग गरम मसाल्यातली ती कोळंबी. माझ्या ऑफिसातला एक साहेब, जो हॉटेलांशिवाय कुठे जेवत नाही, तो आमच्या गच्चीवर उभ्याने नऊ खाऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या इमारतीत कुणी मोठ्याने बोलत नाही. काकांच्या पॅटिसात मीठ जास्त असतं. फार नाही. पण असतं. आणि वर्षागणिक ते थोडं थोडं वाढतंय. काकांचं पॅटिस असलं की वैशाली पाण्याचे दोन जग जास्त भरून ठेवते. सगळ्यांना माहीत आहे, सगळे पाणी पितात, आणि सगळे "वा काका, काय झालंय!" म्हणतात. नव्याने राहायला आलेल्या एका जावईबापूंनी एकदा "मीठ जरा" असं म्हणायला तोंड उघडलं, तर तीन जणांनी तीन बाजूंनी त्यांच्या हातात सरबताचे ग्लास दिले. एवढा राबणारा म्हातारा माणूस, एक पैसा न घेता करतो, त्याला कोण सांगणार?

आणि सांगायचं तरी कधी? काका थांबतच नाहीत. ट्रे टेबलावर ठेवायचा, तिरपं बसलेलं पॅटिस बोटाने सरळ करायचं, आणि कुणी पहिला घास घ्यायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचं. कसं झालंय हे त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलेलं नाही. "इचारणारो आचारी कच्चो," म्हणतात. करताना ते स्वतः चाखतही नाहीत. "करतल्यान चाखू नये." म्हणजे करणारा चाखत नाही आणि खाणारा बोलत नाही, अशी आमची व्यवस्था होती.

जाताना मात्र त्यांच्या हातात एक वस्तू असते. बिस्किटाच्या जुन्या डब्याचं गोल झाकण, त्यावर एकच पॅटिस, त्यावर पालथी वाटी. ही ताटली प्रत्येक वेळी मोठ्या ट्रेबरोबर भट्टीतून येते, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. कदमांनी एकदा लावला होता. काका म्हणाले, "ती ताटली माझी नाय." मग कुणाची? ते नाही सांगितलं. इमारतीत चर्चा होऊन असं ठरलं, की तो राखणदाराचा वाटा असणार. कोकणातली माणसं आपण, जागा राखणाऱ्या देवाला पहिला वाटा देणारी. नव्या इमारतीला राखणदार आहे की नाही यावर थोडा वाद झाला, पण असलाच तर त्याला उपाशी कशाला ठेवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या मृणालचं लग्न ठरत आलं. मुलगा भांडुपचा, तन्मय गवाणकर, तिच्याच ऑफिसातला. त्याची आई लहानपणीच गेलेली. वडील आणि आत्या यांनी त्याला वाढवलं, त्यातही आत्याने जास्त. नलूआत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. मृणालने आम्हाला आधीच बजावलं होतं, "बाबा, तन्मयच्या घरी आत्या हो म्हणाली तरच ते हो. साखरपुड्याची तारीख तीच सांगणार." तेव्हा दोन्ही घरांनी आधी गच्चीवर मोकळेपणी भेटायचं ठरलं. खाणंपिणं, ओळखी, बस्स. मला त्या दिवसाची जेवढी धास्ती होती तेवढी माझ्या स्वतःच्या लग्नाची नव्हती.

काकांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, "किती माणसां?"

"तीस. पण काका, ही जरा नाजूक पार्टी आहे."

"सोप्पां आसा."

आम्ही सगळी काळजी घेतली. कॅलेंडर समोर ठेवून वैशालीने रविवार निवडला. त्या दिवशी संकष्टी नाही, एकादशी नाही, कुणाचं काही नाही याची दोनदा खात्री केली. गवाणकर मूळचे कणकवलीचे, म्हणजे आपल्यातलेच. कोळंबीचं पॅटिस, सुरमईच्या तुकड्या, मटण आणि वडे, सोलकढी. बेत ऐकून वैशालीचे वडील फोनवरच गहिवरले. आम्ही दिवसाची चौकशी केली, तिथीची केली. माणसांची करायची राहिली. मालवणी माणसाला मासे खाता का असं विचारणं हा त्याचा अपमान, अशी आमच्या घरची समजूत.

त्या दुपारी ट्रे उचलायला मी पहिल्यांदाच काकांबरोबर बेकरीत गेलो. आमच्या इमारतीखालीच एक बेकरी आहे, पण काका तिथे जात नाहीत. चालत चिंचपोकळीला जातात, त्यांच्या जुन्या चाळीसमोरच्या बेकरीत. चाळ आता बांधकामाच्या पत्र्यांच्या मागे गेली, बेकरी आहे. दिवाळीत गिरणगावातल्या बायका नानकटाईचे ट्रे घेऊन जिथे रांग लावतात, त्यातलीच ती एक. तिथले शेखचाचा काकांच्याच वयाचे. त्यांनी लांबूनच हात केला. "आओ धुरीसाब! पाव उतर गया, भट्टी तुम्हारी." पाव निघून गेल्यावरच माशाला आत प्रवेश, हा दोघांमधला जुना करार.

मला वाटलं होतं, ट्रे आत जाईल आणि बाहेर येईल. पण काकांनी आधी ती ताटली काढली. तिच्यासाठी वेगळी डबी होती, तिच्यात बटाटा. बटाट्याला तोच मसाला, तेच मीठ, फक्त कोळंबी पडायच्या आधी बाजूला काढलेलं. चौकोन भरला, कडा दाबल्या, आणि वरून अंडं न लावता बोटाने दूध लावलं. ते एकटं पॅटिस आधी भट्टीत गेलं. मोठा ट्रे भरायचा तसाच बाजूला राहिला, कोळंबीचं पातेलं झाकलेलं.

पॅटिस फुलून आलं तेव्हा काका ताटली फडक्यात धरून बेकरीच्या दारात जाऊन उभे राहिले. रस्त्याकडे तोंड करून. मी काही बोलणार, तर चाचांनी मला हाताने थांबवलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. पुढे काहीच घडलं नाही. मग काका आत आले, ताटलीवर वाटी पालथी घातली, "चला," म्हणाले आणि भराभर चौकोन भरायला लागले. राखणदार दुधाचं खातो, अंड्याचं खात नाही, एवढी नवी माहिती घेऊन मी भाजून निघालेला ट्रे डोक्यावर घेतला.

गच्चीवर पोचलो तेव्हा मंडळी जमली होती. तन्मय आणि मृणाल कोपऱ्यात नम्रपणे उभे होते, म्हणजे दोघेही घाबरलेले होते. मधल्या खुर्चीवर नलूआत्या. पांढरी सुती साडी, ताठ पाठ, बारीक फ्रेमचा चष्मा. काकांनी ट्रे टेबलावर ठेवला, एक पॅटिस बोटाने सरळ केलं आणि ताटली घेऊन जिन्याकडे निघाले. वैशालीने बशीत दोन पॅटिसं वाढून आत्यांच्या पुढे धरली.

आत्या हसून म्हणाल्या, "माझं राहू दे हं. मी माळ घातलीय, वीस वर्षं झाली. मी सोलकढी घेते. माझं काही नाही."

पदराआडून तुळशीची माळ आता आम्हा सगळ्यांना दिसली. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. कोळंबी, सुरमई, मटण. वडेसुद्धा सुरमईच्याच तेलात तळलेले. जिच्या एका शब्दावर माझ्या मुलीची तारीख ठरायची होती, ती बाई माझ्या घरी सोलकढीचा ग्लास घेऊन बसणार होती. मृणालचे डोळे भरले. "मी खालून काहीतरी आणतो," असं मी पुटपुटलो, आणि काय आणणार ते मलाच माहीत नव्हतं. वेफर्स?

"अंडां नाय, मासो नाय."

मागून आवाज आला. काका जिन्याच्या दारातून परत आले होते. ते कधीच परत येत नाहीत. त्यांनी आत्यांच्या समोरच्या स्टुलावर ती ताटली ठेवली आणि वाटी उचलली.

"बटाटो आसा. सुरी वेगळी, ताटली वेगळी, भट्टीत पयलां ह्यां गेलां, मगे मासो. तुमी खावा."

कदम माझ्या कानात म्हणाले, "अरे, राखणदाराचा..." मी त्यांचा हात दाबला.

आत्यांनी ताटलीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि पॅटिस उचललं. पापुद्रे पदरावर सांडले. त्यांनी सावकाश चावून खाल्लं, अर्धं संपवलं. काका निघून गेले नाहीत. समोर उभे होते, हात फडक्यात गुंडाळलेले. आणि मग बहात्तराव्या वर्षी त्यांनी कच्च्या आचाऱ्याचा प्रश्न विचारला.

"मीठ बरोबर हा?"

मी डोळे मिटले.

"खरं सांगू?" आत्या म्हणाल्या. आयुष्यभर पेपर तपासलेली बाई ती. "खारी सुरेख फुललीय. मसाला उत्तम. मीठ मात्र चढलंय."

काकांनी जवळची खुर्ची ओढली आणि बसले. आमच्या गच्चीवर सहा वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"किती चढलां?"

"चिमूटभर."

"अर्धी की अख्खी?"

आत्यांनी आणखी एक घास घेतला, विचार केला. "अर्धी."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि शेवटी टेबलावरच्या पाण्याच्या चार जगांकडे. "सा वर्सां नुसतां पाणी पितास? आणि माका एकजण सांगूक नाय?"

मला खरोखर लाज वाटली. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते हसत होते.

"माझ्या बायलेन माळ घातलेली," ते आत्यांना सांगू लागले. बाकीचे आम्ही जणू नव्हतोच. "मासो तोंडाक लावीत नसे. पण माझ्या माश्याचां मीठ तीच सांगी. बटाट्यात तोच मसालो घालून आधी तिचां भाजायचां. ती चाळीतून खाली येय, भट्टीच्या दारात उभी रवान खाय, आणि सांगी. चढलां तर मी कोळंबीत खोबरां घाली, कमी तर मिठाचां पाणी. मगेच मोठो ट्रे." त्यांनी रिकामी वाटी हातात फिरवली. "आता सकाळी चायबरोबर मीच खातंय तां. पण माझी जीभ गंजली. काय कळणा नाय."

म्हणजे त्या दुपारी बेकरीच्या दारात ते दोन मिनिटं कुणाच्या निकालाची वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. शेखचाचांना ते आधीपासून माहीत होतं.

आत्यांनी उरलेलं पॅटिस संपवलं. ताटलीतले पापुद्रेसुद्धा बोटाने टिपून खाल्ले आणि ताटली काकांच्या हातात दिली. मग तन्मयच्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, "माघातली तारीख बघा. आणि साखरपुड्याला या धुरींना बोलवायचं. आचारी म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून." मृणाल रडत रडत हसली. कदमांनी टाळ्या वाजवल्या आणि आनंदाच्या भरात ग्लासभर पाणी प्यायले.

जाताना काका माझ्याजवळ थांबले. रिकामी ताटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. "बरां म्हणणारी खूप जणां आसत रे, सदा. चढलां म्हणणारां एक माणूस घरात लागतां." आणि ते जिना उतरून गेले.

रात्री मी वैशालीला म्हटलं, "आपण फार वाईट वागलो गं."

पुढच्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. काका. पार्टी नव्हती, कुणाची बातमी नव्हती. हातात ती ताटली, वर पालथी वाटी. "खा," म्हणाले, आणि नेहमीसारखे पाठ फिरवून गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

मी खाल्लं. गरम होतं, सुरेख होतं. सहा वर्षांच्या सवयीने "वा काका!" जिभेच्या टोकावर आलं होतं. ते मी गिळलं.

"काका," मी म्हटलं, "आज कमी पडलंय."

त्यांचा सगळा चेहरा उजळला. मला जवळजवळ बाजूला ढकलून ते आत शिरले. "वैशाली! अगो, मिठाचो डबो खंय आसा?"